उंदीर घरात शिरला हे कसे ओळखावे?

आषाढात भातखाचरांत पाणी साचले, म्हणजे नायगाव, उमेळे, जूचंद्र ह्या बाजूच्या घरांत एक न बोलावलेला पाहुणा येऊ लागतो. बांधातील त्याचे बीळ पाण्याने भरून गेलेले असते. कोरडी जागा, दाणा व आडोसा ही तिन्ही एके ठिकाणी मनुष्याच्या घरावाचून त्यास दुसरीकडे कोठे मिळणार? पुढे दिवाळीच्या सुमारास भात कापून खळ्यावर आले व शेते उघडी पडली, की तो पुन्हा घराची वाट धरतो. वर्षातील त्याच्या येण्याच्या ह्या दोन वेळा आपल्या वडीलधाऱ्यांस ठाऊक होत्या. आता त्यांत तिसरी भर पडली आहे. नायगाव स्टेशनाच्या पूर्वेस भराव घालून इमारती उठत आहेत. जमीन खणली की बिळे मोडतात, आणि मोडलेल्या बिळातील प्राणी शेजारच्या चाळीत अथवा वाडीत शिरतो. त्यास आता ऋतूचे बंधन राहिलेले नाही.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळ जण म्हणतील की, उंदीर ओळखण्यास धडा कशास पाहिजे? दिसला म्हणजे कळलेच! परंतु हीच चूक आहे. उंदीर हा रात्रीचा प्राणी आहे. घर निजल्यावर तो बाहेर पडतो व पहाटेपूर्वी परततो. जो दिवसाढवळ्या दिसतो, तो बहुधा दाटी झाल्यामुळे अन्न न मिळालेला, किंवा पाण्याने अथवा खणाखणीने बिळातून हुसकलेला असतो. सबब डोळ्यांस उंदीर दिसेपर्यंत जो थांबला, त्याच्या घरी एक बिऱ्हाड नव्हे तर अनेक बिऱ्हाडे वसून गेलेली असतात. मादी सुमारे तीन आठवडे गर्भ वाहते, एका वेतास पाच-सहा किंवा अधिक पिले देते, आणि लहान जातीच्या उंदराची पिले दीड-दोन महिन्यांत स्वतः वीण करू लागतात. हिशेब ज्याचा त्याने करावा.

प्रथम पाहुणा कोण हे जाणले पाहिजे, कारण सर्वांस आपण सरसकट उंदीर म्हणतो आणि मग उपाय चुकतो. आपल्या भागात मुख्यत्वे चार जाती आढळतात. पहिला तो घरातील काळा उंदीर. हा सडपातळ, कान मोठे, शेपूट अंगाहून लांब. हा चढणारा आहे. कौलांखालचे वासे, माळा, नारळाचे झाड, विजेची तार, ह्यांवरून तो सहज धावतो. दुसरा अगदी लहान उंदीर, ज्यास मुले उंदीरमामाचे पिलू समजतात. तो पिलू नसून पूर्ण वाढलेली निराळीच जात आहे, आणि कपाटात, तांदळाच्या डब्याआड किंवा पुस्तकांच्या ढिगात राहतो. तिसरी घूस. ही जड, आखूड शेपटीची, खणणारी. हिला डिवचले असता गुरगुरते. घराच्या पायाशी, गोठ्यात, शौचकुपाच्या बाजूस व शेताच्या बांधात ही बीळ करते आणि तोंडाशी मातीचा ढीग लोटते. भातशेतातील लहान जातीच्या घुशी बिळात लोंब्यांचा साठा करतात. आपल्या कातकरी बांधवांस त्या बिळांची जी पारख आहे ती शेतकीच्या पुस्तकांत सापडणार नाही. बाहेरची माती पाहून बीळ जिवंत आहे की सोडलेले हे ते सांगतात. चौथा गटारांतील तपकिरी उंदीर. तो विशेषतः बंदरे व मोठी शहरे ह्यांतला.

चिचुंद्री ह्यांत मोडत नाही, हे मुद्दाम सांगतो. लांब टोकदार नाक, बारीक डोळे, अंगास उग्र वास व चीं-चीं असा आवाज, ही तिची खूण. ती उंदरांच्या वर्गातली नव्हे. तिला दाण्यापेक्षा झुरळे व किडे अधिक आवडतात, आणि ती भिंतीकडेने एका दाराने येऊन दुसऱ्याने निघून जाते. तिच्यावर विष खर्चणारा गृहस्थ झुरळांचा कैवार घेतो असे म्हणावे लागेल.

आता चिन्हे. सर्वांत खात्रीचे चिन्ह म्हणजे लेंड्या. ह्या विषयाचा संकोच धरू नये. वैद्य नाडी पाहतो तसे हे पाहणे आहे. लहान उंदराची लेंडी ३ ते ६ मिलिमीटर, म्हणजे जिऱ्याच्या दाण्याएवढी व दोन्ही टोकांस निमुळती. काळ्या उंदराची सुमारे १२ मिलिमीटर, म्हणजे भाताच्या दाण्याहून काहीशी लांब, किंचित वाकलेली व टोकदार. गटारी उंदीर व घूस ह्यांची त्याहून जाड, १८ ते २० मिलिमीटरपर्यंत, टोके बोथट. ताजी लेंडी काळसर, चकचकीत व मऊ असते. जुनी करडी पडते व काडीने दाबताच भुगा होते. हात लावून पाहण्याचे कारण नाही, काडी पुरे.

येथे दोन-तीन सोंगे ओळखावीत. पालीची विष्ठा लांबट काळी असते, पण तिच्या एका टोकास पांढरा ठिपका असतो. तो दिसला की उंदराचा संशय सोडावा. वटवाघळाची विष्ठा उंदराच्या लेंडीसारखीच दिसते, परंतु चुरली असता किड्यांचे पंख व कवच ह्यांचे चमकते कण निघतात. झुरळांची विष्ठा मिऱ्याच्या भरड पुडीसारखी. कौलारू घरात ही चारही एका माळ्यावर सापडतात. तेव्हा घाई करू नये. दुसरी गोष्ट, एक मोठा उंदीर दिवसास सुमारे ४० लेंड्या टाकतो व लहान उंदीर ५० च्या वर. म्हणून ढीग पाहून शंभर उंदीर आले असे म्हणत घाबरणे जसे चुकीचे, तसे दहा-बारा दिसल्या म्हणजे काही नाही असे समजणेही चुकीचे. जागा झाडून साफ करावी आणि दुसऱ्या सकाळी नव्या किती पडल्या ते मोजावे. नव्यांची संख्याच खरी.

दुसरे चिन्ह कुरतडणे. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात, आणि त्यांस पुढच्याच बाजूस कठीण आवरण असल्यामुळे मागची बाजू आधी झिजून धार पटाशीसारखी राहते. म्हणून तो भूक नसतानाही कुरतडतो. लाकूड, साबण, मेणबत्ती, प्लॅस्टिकचा डबा, शिशाची नळी, विजेची तार, त्यास काही वर्ज्य नाही. ताज्या कुरतडीचे लाकूड आतून फिके दिसते. दिवस जातात तसे काळवंडते. साबणाच्या वडीवर दोन-दोन दातांच्या जोडरेघा स्पष्ट उमटतात. पोत्यास पडलेले भोक तळाच्या कोपऱ्यात असेल व खाली तूस आणि अर्धवट खाल्लेले दाणे पडले असतील, तर शंका राहू नये. मांजराने ओढलेले पोते फाटलेले असते, उंदराने कातरलेले पोते कातरलेले असते. दोन्हींच्या कडा निराळ्या. नारळाखाली कोवळी फळे गळून पडली असतील तर देठाजवळ पाहावे. तेथे वाटोळे भोक असेल तर चोर झाडावर आहे. कोळीवाड्यात जाळी गुंडाळून ठेवतात त्यांनी वरची नव्हे तर आतली घडी उलगडून पाहावी, कारण माशाचा वास धरलेल्या जाळ्यात तो आत शिरून बसतो. विजेच्या तारेचे कवच कुरतडलेले आढळले तर उंदराच्या मागे लागण्यापूर्वी मुख्य खटका बंद करून तारवाल्यास बोलावणे बरे. अशा तारेने घरास आग लागते.

उंदीर मोकळ्या अंगणातून क्वचितच जातो. त्याची दृष्टी कमी. मिशा व अंगावरचे लांब केस भिंतीस लागत असले म्हणजे त्यास वाट सापडते. तो रोज त्याच वाटेने, भिंतीस अंग घासत जातो. ह्या सवयीमुळे तिसरे चिन्ह उत्पन्न होते. त्याच्या अंगाचा तेलकट मळ भिंतीच्या तळाशी, वाशाच्या वळणावर व भोकाच्या कडेस लागून काळपट चकाकी येते. चुन्याच्या भिंतीवर ती लगेच दिसते. शेणाने सारवलेल्या भिंतीवर मात्र दिव्याचा उजेड आडवा पाडून पाहावी लागते.

ज्यास एवढ्याने खात्री पटत नाही त्याने रांगोळीची परीक्षा करावी. जूचंद्र हे गाव रांगोळीकरिता प्रसिद्ध आहे, तेव्हा रांगोळीची पूड आमच्या वाचकांस दुर्मिळ नाही. जेवणे आटोपून चूल व भांडी आवरली, की भिंतीच्या कडेने तळहाताएवढ्या रुंदीचा पातळ थर चार-पाच ठिकाणी पसरावा. पीठ घेऊ नये. पीठ घेणे म्हणजे पाहुण्यास ताट वाढणे होय. पहाटे कोंबड्या व मुले फिरण्यापूर्वी दिवा घेऊन पाहावे. पुढच्या पावलास चार बोटे व मागच्या पावलास पाच बोटे उमटलेली आणि मधून शेपटीची बारीक रेघ गेलेली असेल, तर उंदीर कोठून निघतो, कोठे जातो, हे सर्व त्यानेच लिहून ठेवले आहे असे समजावे. सापळा कोठे मांडावा हा प्रश्नही त्याच पाटीवर सुटतो. अंगणातील बिळांकरिता निराळी परीक्षा आहे. संध्याकाळी सर्व भोके ओल्या मातीने लिंपावीत. सकाळी जी उघडलेली असतील तीच जिवंत. बाकीच्यांवर श्रम व पैसा घालवू नये.

वास, आवाज व घरटे ही चिन्हे साऱ्यांच्या परिचयाची आहेत. बंद कपाट उघडताच येणारा कुबट मुताचा वास, रात्री माळ्यावर खरखर, जुन्या गोधडीच्या किंवा काथ्याच्या चिंध्यांचा गोळा, ह्यांविषयी अधिक लिहीत नाही. मांजर एकाच कोपऱ्याकडे टक लावून बसू लागले तर मात्र त्याची साक्ष मानावी. आणि एक चिन्ह असे आहे की जे पाहण्याची कोणास इच्छा नसते. उंदरांमागे साप येतो. धामण आली तर भिण्याचे कारण नाही, ती बिनविषारी आहे व उंदीर खाते. परंतु नाग व घोणस हेही त्याच वासाने लाकडांच्या ढिगात व गवताच्या गंजीत येऊन राहतात. अंगणात कात सापडली तर साप मारण्यास काठी शोधण्याआधी त्याचे भक्ष्य कोठे आहे ते शोधावे.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. दाण्याची नासाडी हे एक कारण. मोठा उंदीर दिवसास १५ ते २५ ग्रॅम धान्य खातो, म्हणजे वर्षास साडेपाच ते नऊ किलो. आणि खातो त्याहून अधिक तो मूत व लेंड्या ह्यांनी नासवतो. परंतु दाणा पुन्हा पिकवता येतो. आम्हांस जे सांगावयाचे आहे ते मनुष्यांच्या जिवाविषयी.

मुंबईत मांडवी येथे १८९६ च्या सप्टेंबरात मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासिओ व्हिएगस ह्यांनी गाठीचा ताप ओळखला, तेव्हा त्या भागात उंदीर मरून पडत होते. लोकांनी ते पाहिले होते, पण त्याचा अर्थ कोणास नीट कळला नाही. दोष गटारांचा व दूषित हवेचा मानून गटारे धुण्यावर व घरे औषधाने भिजवण्यावर भर देण्यात आला. हाफकिन ह्यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच वर्षी १० मार्च रोजी पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले ह्यांचा अंत झाला. उंदराच्या अंगावरील पिसू हा रोग मनुष्यास देते, हे १८९८ साली कराचीत सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टराने दाखवून दिले, तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवणारे थोडे. १९०५ पासून मुंबईत प्लेगच्या चौकशी मंडळाने प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग सोडून त्यांच्या अंगावर गोळा झालेल्या पिसवा तपासल्या आणि मग तो विचार सर्वमान्य झाला. म्हणजे चिन्ह डोळ्यांसमोर असता त्याचा अर्थ लागण्यास दहा वर्षे गेली. शास्त्राभ्यासी वाचकांस येथे शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा सहावा अध्याय आठवेल. पलिष्ट्यांच्या गावांत गाठींची मरी आली, आणि त्यांनी गाठींच्या आकृत्यांबरोबर सोन्याचे पाच उंदीर करून पाठवले. ती मरी प्लेगच होती की काय ह्यावर पंडितांनी पुष्कळ लिहिले आहे. वाद मिटलेला नाही आणि मिटण्याचे कारणही नाही, परंतु गाठी व उंदीर एकाच वर्णनात आले आहेत हे खरे.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर बीड जिल्ह्यातील मामला ह्या गावी लोक भीतीने घराबाहेर राहू लागले. रिकाम्या घरांत धान्य मात्र भरलेले राहिले, आणि उंदीर मातले. पुढील वर्षी, १९९४ त, तेथे उंदीर मरू लागले, पिसवांचा उपद्रव झाला, व नंतर गाठीच्या तापाचे रोगी आढळले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सुरतेस फुप्फुसाच्या प्लेगाने हाहाकार केला व लाखो लोक शहर सोडून गेले. आज ह्या रोगावर गुणकारी औषधे आहेत. वेळेवर दिली तर रोगी वाचतो. परंतु वेळेवर म्हणजे कधी? विष घातलेले नसता घरात किंवा वाडीत एकामागून एक उंदीर मेलेले आढळले, तेव्हाच. अशा उंदरास शेपटीस धरून फेकू नये, कारण अंग गार पडताच पिसवा त्यास सोडून नवे ऊबदार अंग शोधतात, आणि ते तुमचे असू शकते. लांब चिमट्याने किंवा हातावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून तो बंद पिशवीत घालावा व आरोग्य केंद्रास खबर द्यावी. उपदेशक बंधूंनी ही खबर देण्याचे काम आपल्याकडे घ्यावे. गावातील गरीब मनुष्यास केंद्रात जाऊन ‘आमच्या घरी उंदीर मेले’ असे सांगण्याची लाज वाटते, आणि लाजेपायी आठवडा जातो.

आपल्या किनाऱ्यावर सांप्रत प्लेगाहून नित्याचा धोका आहे तो लेप्टोचा. पूर्ण नाव लेप्टोस्पायरोसिस. ह्याचे सूक्ष्म जंतू उंदराच्या मूत्रपिंडात राहतात. उंदीर आजारी पडत नाही, पण त्याच्या मुतातून ते ओल्या मातीत व पाण्यात उतरतात. कुत्री, डुकरे व गुरे ह्यांपासूनही ते पसरतात. पायास भेग असेल, बोटांत चिखल्या झाल्या असतील, किंवा दूषित पाणी डोळ्यांत व तोंडात गेले, तर त्या वाटेने ते मनुष्याच्या शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. महापूर ओसरल्यावर मुंबईत ह्या रोगाची साथ आली, आणि पुरातून वाचलेले कित्येक तापाने गेले. आपल्याकडे २०१८ च्या जुलैत वसई-विरार भागात पाणी भरले, नालासोपाऱ्याचे रूळ बुडून गाड्या बंद पडल्या, आणि हजारो माणसे कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी गेली. ते पाणी म्हणजे गटार, उकिरडा व बीळ ह्यांचे एकत्र झालेले पाणी होते.

येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. खाऱ्या पाण्यात हे जंतू तग धरीत नाहीत. म्हणून मिठागरात खाजणाच्या खाऱ्या पाण्यात दिवसभर उभा राहणारा मनुष्य ह्या बाबतीत त्यामानाने सुरक्षित असतो, आणि गोड्या पाण्याच्या खाचरात आवणी करणारी बाई अधिक धोक्यात असते. लोकांची समजूत बहुधा उलट असते. आवणीस गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालणे आपल्या शेतकऱ्यांस रुचत नाही, चिखलात ते रुततात हेही खरे. तरी पायावर जखम असता ती झाकून घ्यावी व घरी आल्यावर साबणाने पाय धुवावेत, एवढे तरी व्हावे. पुराच्या पाण्यातून चालणे झाले असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरास भेटावे. रोग टाळण्याच्या गोळ्या असतात, त्या कोणास द्यावयाच्या व किती हे तेच ठरवतील. गरोदर स्त्रिया व लहान मुले ह्यांस त्या दुसऱ्याच्या सांगण्यावरून मुळीच देऊ नयेत.

ताप येण्यास पाण्यातून गेल्यावर बहुधा पाच दिवसांपासून दोन आठवडे लागतात, कधी त्याहून अधिक. एकाएकी थंडी वाजून ताप, डोके दुखणे, पोटऱ्या हात लावू न देण्याइतक्या दुखणे, डोळे लाल होणे, ही लक्षणे होत. डोळे पिवळे झाले, लघवी कमी झाली किंवा दम लागू लागला, तर रात्र असली तरी इस्पितळ गाठावे. आणि डॉक्टराने विचारण्याची वाट न पाहता आपण होऊन सांगावे की, ‘मी अमुक दिवशी पाण्यातून चाललो, आमच्या घरी उंदीर आहेत.’ साध्या तापाच्या गर्दीत हे एक वाक्य रोग्याचा जीव वाचवू शकते. लेंड्या ओळखण्यास शिकण्याचा खरा उपयोग हा.

उपायांविषयी थोडक्यात लिहितो, कारण चिन्हे नीट वाचली तर उपाय पुष्कळसे आपोआप सुचतात. लहान उंदीर ६ मिलिमीटरच्या फटीतून व मोठा सुमारे १२ मिलिमीटरच्या भोकातून आत येतो. म्हणजे दाराखालून बोट आत जात असेल तर उंदीरही जाईल. दारास खालून पत्र्याची पट्टी मारावी, मोरीच्या तोंडास बारीक जाळी बसवावी, भोके सिमेंटात काचेचे तुकडे कालवून बुजवावीत. नुसती माती किंवा चिंधी कोंबणे म्हणजे त्यास एका रात्रीचे काम देणे. कणगी शेणाने सारवलेली कितीही सुंदर असली तरी उंदरापुढे ती टिकत नाही. भात पत्र्याच्या कोठीत ठेवावे, आणि पोती ठेवणेच भाग असेल तर ती फळीवर, भिंतीपासून हातभर दूर, म्हणजे मागून झाडता येते व चिन्हे दिसतात. सुके बोंबील व जवळा झाकणाच्या डब्यात. घरावर टेकलेली झावळी तोडावी. नारळाच्या बुंध्यास पुरुषभर उंचीवर दीड वीत रुंद गुळगुळीत पत्रा गुंडाळला तर जमिनीवरून चढणारा उंदीर घसरतो. मात्र शेजारच्या झाडाच्या झावळ्या त्यास भिडलेल्या असतील तर पत्र्याचा काही उपयोग नाही.

सापळा रांगोळीत पावले उमटली तेथेच, भिंतीस काटकोनात मांडावा. सुक्या बोंबलाचा तुकडा किंवा भाजलेले खोबरे चांगले. मोठा उंदीर नव्या वस्तूस बिचकतो. म्हणून दोन-तीन रात्री सापळा न ताणता नुसते आमिष ठेवावे, व तो खाण्यास सरावला म्हणजे ताणावा. लहान उंदीर चौकस असतो, तो पहिल्याच रात्री सापडतो. एक सापळा मांडून महिनाभर वाट पाहण्यापेक्षा एकाच रात्री सहा मांडणे अधिक फलदायी होते. मुंबई महापालिका रात्री काठी व विजेरी घेऊन उंदीर मारणारे कामगार ठेवीत आली आहे. एवढ्या मोठ्या शहरासही अद्याप ह्याहून सोपी युक्ती सापडलेली नाही.

विषाविषयी मात्र आमचे मत स्पष्ट आहे. ज्या घरात लहान मुले आहेत त्या घरात ते आणू नये. झिंक फॉस्फाइडची काळी पूड पोटात गेली म्हणजे विषारी वायू सुटतो व त्यावर उतारा नाही. पिवळ्या फॉस्फरसचे मलम त्याहून फसवे. ते खाणारा मनुष्य एक-दोन दिवस बरा दिसतो, घरचे निर्धास्त होतात, आणि मग यकृत निकामी होते. त्यावरही उतारा नाही. पावाच्या तुकड्यास किंवा पिठाच्या गोळ्यास विष लावून कोपऱ्यात ठेवण्याची रीत आहे. मुलास तो पावच दिसतो. रागाच्या भरात घरातील एखादी बाई किंवा तरुण तेच विष हाती घेतो, हे आपल्या गावांतून घडते, आणि उपदेशकांनी हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. विष तोंडात गेल्याचा नुसता संशय असला, रोगी हसत-बोलत असला, तरी पुडी अथवा नळी बरोबर घेऊन त्याच घटकेस इस्पितळात न्यावे. शेतात विष घालणे प्राप्तच असेल तर ते खोल बिळात घालून तोंड लिंपावे, म्हणजे कोंबड्या, कुत्री व घुबडे मरत नाहीत. घुबड अशुभ म्हणून दगड मारणारे आपल्या मंडळींतही आहेत. एक घुबड रात्रीत किती उंदीर नेते हे त्यांनी त्याच्या ढोलीखालची हाडे मोजून पाहावे.

शेवटी लेंड्या काढण्याची रीत. कोरड्या झाडूने कधी झाडू नये. धूळ उडते व श्वासावाटे आत जाते. दारे-खिडक्या उघडून अर्धा तास वारा खेळू द्यावा. एक भाग ब्लीचिंगचे तयार द्रावण व नऊ भाग पाणी असे मिश्रण करून लेंड्यांवर ओतावे, दहा मिनिटे थांबावे, हातांवर पिशव्या चढवून जुन्या फडक्याने ते पुसून घ्यावे व फडके पिशवीत बांधून पुरावे. मग हात साबणाने धुवावेत. ज्या धान्यात लेंड्या सापडल्या ते निवडून खाण्याचा मोह अनावर असतो. वरचा थर तरी टाकून द्यावा, उरलेले उन्हात वाळवून, धुऊन, शिजवूनच खावे. जागा पुसून झाली की त्याच रात्री पुन्हा रांगोळी पसरावी आणि सलग सात रात्री पाहावे. सातही सकाळी थर अखंड राहिला तर आपले घर तूर्त मोकळे झाले. चाळीत राहणाऱ्यांनी आठव्या दिवशी तीच पूड घेऊन सामाईक भिंतीपलीकडच्या घरी जावे.